कोऱ्या कागदावरची सही : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

महाराष्ट्र विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

गेली अठ्ठावीस वर्षं मी एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. आमच्या बाररूममध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आहे. दर २६ नोव्हेंबरला तिच्यासमोर उभं राहून आम्ही उद्देशिका वाचतो. आपणही वाचता. त्या उद्देशिकेतल्या एकाच शब्दाविषयी, 'स्वातंत्र्य' या शब्दाविषयी, मला आज आपल्याशी बोलायचं आहे. पोलिसांशी नाही, न्यायाधीशांशी नाही, आपल्याशीच. कारण माणसाच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की बाबासाहेबांना ज्या सत्तेची सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती, ती कायदा करण्याची सत्ता आपल्या हातात आहे.

बाबासाहेब आपल्याच घरातले, हे आपल्या भाषणांतून फारसं ऐकू येत नाही. १९२७ साली ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आले. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाकडून विधानसभेत निवडून गेले. महारवतन, खोती, गिरणीतल्या बायकांची बाळंतपणाची रजा, कामगारांचा संप यांवर ते जिथे बोलले, ते सभागृह आपल्या सभागृहाचंच जुनं रूप. म्हणजे घटनेचा मसुदा लिहायला बसले तेव्हा त्यांच्या मागे दीड दशकाची आमदारकी होती. विधेयक कसं येतं, कुणी वाचलेलं असतं, कुणी नसतं, पक्षाचं ठरलं की हात कसे वर जातात, हे त्यांनी बाकावर बसून पाहिलेलं होतं. म्हणूनच त्यांची धास्ती मला पुस्तकी वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. ती घटना समितीतली आहे.

आज ज्याला आपण कलम २१ म्हणतो ते मसुद्यात पंधरावं कलम होतं. कायद्यानं ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असं ते सांगतं. सुरुवातीला, १९४७ मध्ये, शब्द वेगळे होते. अमेरिकेच्या घटनेतला 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' हा शब्दप्रयोग घेतलेला होता. म्हणजे नुसता कायदा असून भागत नाही, तो कायदा आणि त्याची पद्धत न्याय्य आहे का, हेही न्यायालय तपासणार. पुढे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले, तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि हे शब्द नकोत असा सल्ला घेऊन आले. मग जपानच्या नव्या घटनेच्या धर्तीवर 'कायद्याने प्रस्थापित केलेली पद्धत' हे शब्द आले. फरक दिसायला चार शब्दांचा आहे. पण नव्या शब्दांचा सरळ अर्थ असा होत होता की विधिमंडळानं कायदा केला आणि त्यात पद्धत लिहिली की झालं. ती पद्धत कशीही असो.

१३ डिसेंबर १९४८ रोजी या कलमावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. त्या दिवसाचं भाषण मी अनेकदा वाचलं आहे, कारण एवढा मोठा माणूस भर सभेत आपली अडचण इतक्या उघडपणे मांडतो हे मला दुसरीकडे फार कमी सापडलं. एकीकडे ते म्हणतात, पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ माणसाच्या जीविताविषयीची आणि स्वातंत्र्याविषयीची मूलभूत तत्त्वं मोडणारे कायदे करील, याची मी कल्पना करू शकतो. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या पाच-सहा गृहस्थांवर, कुठला कायदा चांगला आणि कुठला वाईट हे ठरवण्याचा भरवसा कसा टाकायचा, तेही त्यांना समजत नाही. त्यांनी ग्रीक पुराणातल्या दोन संकटांचा दाखला दिला. आपण म्हणू, इकडे आड तिकडे विहीर. आणि निर्णय त्यांनी सभागृहावर सोडला. कलम 'कायद्याने प्रस्थापित केलेली पद्धत' या शब्दांसह मंजूर झालं.

त्याच्या चारच दिवस आधी, ९ डिसेंबरला, त्यांनी आजच्या बत्तिसाव्या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावता येणं, हे ते कलम. हे वाक्य आपल्या भाषणांत येतं. पण मोडलेला हक्कच आधी पातळ करून ठेवला असेल तर दार ठोठावून मागायचं काय? हा प्रश्न त्यांना स्वतःला छळत असणार. कारण नऊ महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९४९ रोजी, ते पुन्हा उभे राहिले आणि एक नवं कलम घेऊन आले. मसुद्यातलं '१५ अ', आजचं कलम २२.

त्या वेळी ते जे बोलले ते आपण प्रत्येकानं एकदा तरी वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते म्हणाले, पंधराव्या कलमाच्या शब्दरचनेवर सभागृहातले पुष्कळ जण, मी स्वतः धरून, फार असमाधानी होतो. संसदेला वाटेल त्या परिस्थितीत कुणालाही अटक करण्याची तरतूद करता येईल, अशी मोकळीक आपण देऊन बसलो. त्यासाठी त्यांनी 'कार्ट ब्लांश' हा शब्द वापरला. कोऱ्या कागदावर सही. आणि हे नवं कलम म्हणजे त्या वेळी जे झालं त्याची भरपाई आहे, असंही त्यांनी सांगितलं.

कोऱ्या कागदावरचा अंगठा म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या खेड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सावकारानं तो घेतला की वर काय लिहायचं ते सावकार ठरवतो. बाबासाहेबांनी घटना समितीला सांगितलं की आपण असा अंगठा दिला आहे, आणि तो राजाला किंवा इंग्रजाला दिलेला नाही, लोकांनी निवडून दिलेल्या कायदेमंडळाला दिला आहे. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. मसुदा समितीचे अध्यक्ष ते. कलम मंजूर झालेलं. गप्प बसले असते तर कुणी विचारलं नसतं.

भरपाईत दिलं काय? अटक झालेल्याला कारण सांगायचं, त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. ही तिन्ही आज आमच्या रोजच्या कामातली हत्यारं आहेत. पण त्याच कलमात पुढे प्रतिबंधक स्थानबद्धता आहे. गुन्हा सिद्ध न करता, खटला न चालवता, पुढे काही करील या शक्यतेवरून माणसाला आत ठेवणं. तिथे वकील नाही आणि चोवीस तासही नाहीत. तिथे आहे स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का ते तपासणारं सल्लागार मंडळ, तीन महिन्यांची मर्यादा, कारणं लवकरात लवकर कळवण्याचं बंधन आणि निवेदन देण्याची संधी.

इथे मी बाबासाहेबांना सोयीचं रूप देणार नाही. स्थानबद्धतेचं त्यांनी त्याच भाषणात समर्थन केलं आहे. देशाची आजची परिस्थिती पाहता, सार्वजनिक सुव्यवस्थेला किंवा संरक्षण दलांना धक्का लावणाऱ्या माणसाला स्थानबद्ध करणं सरकारला भाग पडू शकतं, आणि तिथे व्यक्तीचं स्वातंत्र्य राज्याच्या हिताच्या वर ठेवता येणार नाही, असं ते म्हणाले. फाळणीला दोन वर्षं झाली होती, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. सभागृहातल्या अनेकांना हे पटलं नाही. तुरुंग भोगून आलेले महावीर त्यागी म्हणाले की मसुदा समितीला तुरुंगाचा अनुभव असायला हवा होता. लाहोर उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांनी तर या तरतुदीला मूलभूत हक्क म्हणायलाच नकार दिला. बिनखटल्याची अटक करणारे कायदे करत राहण्याची ही प्रांतांच्या विधिमंडळांना दिलेली सनद आहे, असा त्यांचा आक्षेप होता. प्रांतांची विधिमंडळं, म्हणजे आपण.

पुढचा इतिहास थोडक्यात. प्रजासत्ताक होऊन महिना उलटतो न उलटतो तोच संसदेनं १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेबच होते. मे १९५० मध्ये स्थानबद्ध कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा बहुतांशी उचलून धरला आणि 'कायद्याने प्रस्थापित पद्धत' याचा तोच कोरडा अर्थ लावला. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या खटल्यात चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरलं की स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचं दारही ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना उलट बाजूला राहिले. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ साली तो निकाल चुकीचा होता असं ज्या खंडपीठानं जाहीर केलं त्यात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. मधल्या काळात, १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात, पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे हे न्यायालयानं मान्य केलं. १९४८ च्या मसुद्यातून गाळलेले चार शब्द तीस वर्षांनी मागच्या दारानं घरात आले. पण स्थानबद्धतेचे कायदे होते तिथेच राहिले, आणि त्यांतला एक आपल्या सभागृहाचा आहे.

त्याचं नाव मी पूर्ण लिहितो, कारण आपण सगळे 'एमपीडीए' एवढंच म्हणतो. 'महाराष्ट्र झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, वाळू तस्कर व अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्या व्यक्ती यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याबाबतचा अधिनियम, १९८१.' मूळ कायद्यात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थवाले एवढेच होते. बाकीचे एकेका दुरुस्तीनं आत आले. सिनेमाची चोरटी सीडी विकणारासुद्धा बिनखटल्याचं एक वर्ष आत राहू शकेल, अशी तरतूद या राज्यात झाली. कायद्याचं नाव वाढत गेलं त्या प्रत्येक वेळी सभागृहात किती वेळ चर्चा झाली, हे आपणच आपल्या कामकाजाच्या नोंदी काढून पाहावं.

आता माझ्यासमोरची एक गोष्ट सांगतो. शहराच्या कडेच्या वस्तीतली, चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई सकाळपासून बाररूमच्या दाराशी बसून होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत साडेतीनशे पानांचा गठ्ठा. मुलगा टेम्पो चालवायचा. त्याच्यावर मारामारीचे दोन गुन्हे, दोन्हींत जामीन झालेला. एका पहाटे त्याला 'धोकादायक व्यक्ती' ठरवून उचललं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात नेऊन ठेवलं. गठ्ठ्यात एफआयआर, पंचनामे, जबाब यांच्या झेरॉक्स, आणि त्याही झेरॉक्सच्या झेरॉक्स. काही पानं उजेडात धरूनसुद्धा वाचता येत नव्हती. शेवटी दोन 'इन कॅमेरा' जबाब होते. साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'. नाव नाही, पत्ता नाही. दोघांची हकिगत जवळजवळ शब्दाला शब्द सारखी. तो कोयता घेऊन आला, शिवीगाळ केली, खिशातले पैसे काढून घेतले, लोक दुकानांची शटर ओढून पळाले. स्थानबद्धतेची प्रकरणं चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, हा 'अ' आणि हा 'ब' त्याच्या ओळखीचे असतात.

बाईंनी मला विचारलं, "साहेब, केस कधी उभी राहणार?"

केस उभीच राहणार नाही, हे त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. साक्षीदाराला मी प्रश्न विचारू शकणार नाही. सल्लागार मंडळापुढे मी जाऊ शकणार नाही, कारण तिथे वकिलाला उभं राहायचा हक्क नाही, असं आपल्या कायद्यातच लिहिलं आहे. टेम्पो चालवणाऱ्या पोरानं आपली बाजू स्वतः मांडायची. उच्च न्यायालयात याचिका केली. सात महिन्यांनी आदेश रद्द झाला. दोन माणसांमधली मारामारी हा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न असेल, पण त्यानं सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात येते असं होत नाही, आणि न वाचता येणारी कागदपत्रं देणं म्हणजे निवेदनाचा हक्क नाकारणं, ही कारणं. दोन्ही जुनी. कायदा व सुव्यवस्था आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांतला भेद सर्वोच्च न्यायालयानं राममनोहर लोहियांच्या खटल्यात साठ वर्षांपूर्वी सांगितला. आपल्या नागपुरात न्यायमूर्ती म्हणून नाव कमावलेल्या हिदायतुल्लांनी एकात एक काढलेल्या तीन वर्तुळांचं उदाहरण देऊन तो इतका सोपा केला आहे की शाळेतल्या मुलालाही कळावा. मुलगा घरी आला तोवर हप्ते थकल्यामुळे टेम्पो फायनान्सवाल्यांनी ओढून नेला होता. त्या सात महिन्यांबद्दल त्याला कुणी विचारलं नाही, आणि सांगायला कायद्यात जागाही नव्हती.

त्याच वस्तीतली दुसरी बाई मी विसरलेलो नाही. तिचा नवरा हातभट्टीच्या दारूनं गेला. तिथला हातभट्टीवाला याच कायद्याखाली आत गेला तेव्हा ती मला म्हणाली होती, "तो वर्षभर आत होता ना, तेवढं वर्ष आम्ही झोपलो." मी तिच्यासमोर स्वातंत्र्यावर भाषण करू शकत नाही. बाबासाहेबांनीही केलं नसतं असं मला वाटतं, आणि इथेच त्यांचा विचार समजून घ्यायचा तर थोडं थांबावं लागतं.

'सरकार मर्यादित असावं' असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या अनेकांना सरकार दुबळं झालेलं हवं असतं, म्हणजे आपल्याला मोकळं रान मिळतं. बाबासाहेब त्यांच्यातले नव्हते. महाडचं उदाहरण घ्या. १९२३ साली मुंबई कायदेमंडळानं बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. तरी तळ्यावर जाण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला ते तळ्यावर गेले आणि नंतर नगरपालिकेनं ठरावच फिरवला. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी हजारो माणसं जमली असताना कोर्टाचा मनाई हुकूम आला, तो त्यांनी मानला, आणि दहा वर्षं दावा लढवून मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले. ज्या माणसाच्या घोटभर पाण्याच्या आड सरकार नव्हे, शेजारी उभा होता, तो माणूस सरकारला नुसतं बाजूला सर म्हणणार नाही. १९३७ च्या सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी याच सभागृहात आणलं. कोकणातल्या कुळाच्या दृष्टीनं खोत हेच सरकार होतं.

१९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीनं घटना समितीला दिलेल्या निवेदनात त्यांनी हे स्वच्छ लिहिलं. राज्यानं हात आखडते घ्यावेत म्हणजे स्वातंत्र्य राहील, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं, हे स्वातंत्र्य कुणाचं आणि कुणासाठी? जमीनदाराला खंड वाढवण्याचं, मालकाला कामाचे तास वाढवण्याचं आणि मजुरी कमी करण्याचं? राज्याच्या नियंत्रणापासून स्वातंत्र्य हे खासगी मालकाच्या हुकूमशाहीचंच दुसरं नाव आहे, असं त्यांचं उत्तर होतं.

आणि तरीही, त्याच माणसानं १५ सप्टेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत औद्योगिक कलह विधेयकाला कडाडून विरोध केला. संप करणाऱ्या कामगाराला गुन्हेगार ठरवणं म्हणजे त्याला गुलाम करणं, कारण संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, हा त्यांचा युक्तिवाद. ७ नोव्हेंबरच्या मुंबईतल्या संपात कम्युनिस्टांशी मतभेद असूनही ते त्यांच्याबरोबर उतरले. त्याच्या चार वर्षं आधी, १९३४ मध्ये, र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कर्व्यांचे वकील बाबासाहेब होते. खटला हरले. लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिणाऱ्या माणसाचं वकीलपत्र घेऊन त्या काळात लोकप्रियता मिळणार नव्हती.

या सगळ्यात मला विसंगती दिसत नाही. खोताची, मालकाची, जातीची आणि पोलीस ठाण्याची सत्ता ते एकाच नजरेनं पाहत होते. ज्याला कुणाला जाब द्यावा लागत नाही, त्याच्या हातात दुसऱ्या माणसाचं आयुष्य असू नये. हातभट्टीवाल्यापासून त्या बाईला वाचवणं हे सरकारचं कामच आहे. पण त्यासाठी गुन्हा नोंदवायचा, पुरावा गोळा करायचा, साक्षीदाराला संरक्षण द्यायचं, खटला वेळेत चालवायचा आणि शिक्षा लावायची, असा रस्ता आहे. तो लांबचा आहे आणि त्याला पैसे लागतात, माणसं लागतात, जे मंजूर करणं आपल्या हातात आहे. स्थानबद्धता ही पायवाट आहे. वर्षभरानं हातभट्टीवाला त्याच पायवाटेनं परत येतो, बिनशिक्षेचा. आणि त्या पायवाटेवर 'अ' आणि 'ब' यांच्या जबाबावर टेम्पोवालाही जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा तुरुंगांचा अहवाल वाचला तर दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांचं कैद्यांतलं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त दिसतं. बाबासाहेबांनी भरपाई मागितली होती ती कुणासाठी, हे वेगळं सांगायला नको.

४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना त्यांनी एक इशारा दिला होता. घटनेचा एक शब्दही न बदलता, फक्त कारभाराची घडी बदलून घटनेच्या आत्म्याविरुद्ध वागता येतं. म्हणूनच कारभाराचे बारीकसारीक तपशीलही घटनेत घालावे लागले, असं ते म्हणाले. माझ्या पाहण्यातली स्थानबद्धता नेमकी अशीच बदलली आहे. देशावरच्या संकटासाठी ठेवलेली तरतूद चौकीतल्या गुंडांच्या यादीपर्यंत आली, आणि त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली नाही.

आता मागणं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं कलम २२ सुधारलं. तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणली. सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं नेमायचं, त्याचा अध्यक्ष कामावर असलेला न्यायमूर्ती आणि बाकीचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती असायचे, असं ठरवलं. दुरुस्ती संसदेनं मंजूर केली, राष्ट्रपतींची सही झाली. पण ते कलम अमलात आणणारी अधिसूचना केंद्रानं काढलीच नाही. दिल्लीत या पक्षाची, त्या पक्षाची, आघाड्यांची सरकारं आली आणि गेली, कुणीही काढली नाही. महाराष्ट्र विधिमंडळानं ही अधिसूचना काढावी असा ठराव करून केंद्राला पाठवावा. त्याला एक पैसा खर्च नाही.

जे आपल्याच हातात आहे ते त्याहून सोपं. एमपीडीएतली वकिलाला मज्जाव करणारी ओळ आपण काढू शकता. सर्वोच्च न्यायालयानं ए. के. रॉय यांच्या खटल्यात म्हटलं आहे की वकील नसला तरी स्थानबद्धाला मित्राची मदत घेता येईल. वस्तीतल्या पोराला असा कायदा जाणणारा मित्र कुठून मिळणार? विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याला मिळाला तर राज्य कोसळणार नाही. दुसरं, दर अधिवेशनात गृह विभागाकडून माहिती मागा: किती आदेश काढले, किती सल्लागार मंडळानं फेटाळले, किती उच्च न्यायालयानं रद्द केले आणि कोणत्या कारणानं. एकच कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर ती चूक कशी टाळायची ते शिकवता येतं, आणि ती चूक दुरुस्त होईपर्यंत आत बसलेल्या माणसाच्या दिवसांचं काय करायचं, हेही आपण कायद्यात लिहू शकता. आणि या कायद्याच्या नावात आणखी एखादा शब्द जोडायचं विधेयक आलं, तर ते संयुक्त समितीकडे गेल्याशिवाय मंजूर करू नका, मग आपण सत्तेच्या बाकावर असा वा विरोधाच्या. बाक बदलतात हे आपल्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

घटना समितीच्या चर्चेचे खंड मिळवणं आपल्याला अवघड नाही. १५ आणि १६ सप्टेंबर १९४९ ची पानं एका दुपारी वाचून होतात. बाबासाहेबांचं उत्तर वाचा, आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या सदस्यांची भाषणंही वाचा, कारण ती ऐकून घेऊन त्यांनी उत्तर दिलं होतं. पुढच्या अधिवेशनात कुणा सदस्याला हा विषय उचलायचा असेल तर नावं झाकून माझ्याकडच्या प्रकरणांची कागदपत्रं घेऊन मी येईन, मुंबईला किंवा नागपूरला. त्या साडेतीनशे पानांच्या गठ्ठ्यातली न वाचता येणारी पानं मी वेगळी काढून ठेवली आहेत.

कळावे,

आपला नम्र,
जिल्हा न्यायालयातला एक वकील